पाठमोरी बसून ऐकलेल्या गप्पा

हा लेख मी माझ्या हाताने टाइप करते आहे, पण त्याचं प्रूफ आमचे हे वाचणार आहेत. तेव्हा मधेच एखादा परिच्छेद लंगडताना दिसला, तर तो माझ्याकडून निसटलेला नाही, यांनी उडवलेला आहे, एवढं ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे माझा स्वभाव जळका आहे. लहानपणी माझ्या पानात श्रीखंड वाढलं की मी आधी बहिणीच्या पानात बघायचे. पुढे तिला सासरी गच्ची मिळाली तेव्हा माझ्या पोटात दुखलं. दुकानासमोरच्या झेरॉक्सवाल्याने एसी बसवला तेव्हाही दुखलं. बाकीचे लोक हे लपवतात. मी लपवत नाही, कारण माझ्या तोंडावर ते लगेच दिसतं. संपादकांनी कामाच्या आठवणी लिहा म्हटलं, तेव्हा मी विचारलं, "जळण्याच्या चालतील का?" ते हसून म्हणाले, "चालतील, पण मधूनमधून कामही येऊ द्या." तर दोन्ही येईल.

आमचं काम अक्षरजुळणीचं. पनवेलला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा गाळा होता. सुरुवात लग्नपत्रिका आणि पतपेढ्यांच्या अहवालांनी झाली. मग मुंबई-पुण्याच्या प्रकाशकांना कळलं की पनवेलला एक नवरा-बायको आहेत, काम वेळेवर देतात आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाहीत. मग कथा-कादंबऱ्या यायला लागल्या.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लेखक देतो ते हस्तलिखित, त्याला आम्ही कॉपी म्हणतो. मी ती कॉम्प्युटरवर टाइप करायची, पानं लावायची आणि कागदावर काढायची. हे झालं प्रूफ. मग दोन माणसं समोरासमोर बसतात. एकाच्या हातात कॉपी, दुसऱ्याच्या हातात प्रूफ. कॉपीवाला मोठ्याने वाचतो, प्रूफवाला ऐकत ऐकत ओळीवरून बोट फिरवतो आणि चूक दिसली की लाल पेनाने खूण करतो. वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं. "अवतरण सुरू, कुठे होतास, प्रश्नचिन्ह, अवतरण बंद, ती म्हणाली, पूर्णविराम." आमच्या लग्नाची पहिली कितीतरी वर्षं आम्ही एकमेकांशी असंच बोललो. कॉपी माझ्याकडे, प्रूफ यांच्याकडे.

दुकानाचा एक कायदा होता, आणि तो यांनी केलेला. पान सुरू झालं की संपेपर्यंत कामाखेरीज काही बोलायचं नाही. गिऱ्हाईक उभं राहू दे, फोन वाजू दे, पान संपू द्यायचं. एकदा गल्लीत एका रिक्षावाल्याचा ब्रेक लागला नाही आणि रिक्षाचं पुढचं चाक सरळ आमच्या पायरीवर चढलं. शटर वाजलं, स्टूल पडलं, मी किंचाळले. यांनी ओळीवर बोट ठेवलं, मला म्हणाले, "वाच." मी उरलेल्या ओळी वाचल्या. पान संपलं तेव्हा हे बाहेर गेले आणि विचारलं, "कोणाला लागलं का?"

असा हा माणूस. घरी तर बोलणं त्याहून कमी. सकाळी "चहा", दुपारी "वाढतेस का?" आणि रात्री "दिवा". मी तक्रार करत नव्हते. दिवसभर हा माणूस माझा आवाज कान देऊन ऐकतो, आणखी काय पाहिजे, असं मला वाटायचं.

मग माझा घसा बसला. नुसता बसला नाही, डॉक्टरांनी मोठ्याने वाचायची बंदीच घातली. टाइप करा, हवं तेवढं टाइप करा, पण वाचन बंद. यांनी माझ्यासाठी ज्येष्ठमधाची डबी आणली आणि वाचायच्या टेबलावर ठेवली. पण घसा काही सुधारेना, आणि दोन प्रकाशक तर प्रुफांसाठी अडून बसलेले. शेवटी कॉपी वाचायला माणूस ठेवायचं ठरलं, आणि रंजना आली.

रंजना उरणकडची, खाडीकाठच्या कोळ्यांची मुलगी. बारावी झालेली, लग्न होऊन करंजाड्याला आलेली. नवरा बोटीवर, इंजिनखात्यात, महिनोनमहिने घरी नाही. तिची आई बंदरावर मासळीच्या लिलावात बोली लावायची, तो आवाज मुलीत उतरला होता. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "मोठ्याने वाचता येईल ना गं?"

"काकी," ती म्हणाली, "आमच्या घरात हलू कोनाला बोलताच येत नाय."

बोलताना तिचं सगळं 'आमी' आणि 'नाय', पण वाचायला बसली की कॉपीत जे असेल ते अगदी काना-मात्रेसकट. हे खूश. मी माझ्या जागेवर गेले. माझा कॉम्प्युटर भिंतीकडे तोंड करून होता, कारण प्लग तिथेच आणि दुसरीकडे ठेवला तर दाराचा उजेड स्क्रीनवर पडायचा. त्यामुळे मी दिवसभर दोघांकडे पाठ करून बसलेली. ज्येष्ठमधाची डबी मात्र वाचायच्या टेबलावरच राहिली. त्यातल्या कांड्या आता रंजना चघळायची. डबी माझी! पण बोलणार कसं? कांडीवरून भांडणारी बाई म्हणून नाव झालं असतं.

(रंजना आता उरणला स्वतःचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान चालवते. त्याला एसी आहे. होय, दुखतं.)

दोन हजार सालानंतर कथा-कादंबऱ्यांतली माणसं एकमेकांशी कॉम्प्युटरवर बोलायला लागली. आधी ती पत्रं लिहायची, आमची काही हरकत नव्हती. पत्राला वर 'प्रिय' असतं, खाली सही असते, टाइप तिरपा केला की झालं. ही चॅट आली आणि आमची तारांबळ उडाली. स्क्रीनवरचं बोलणं पुस्तकात कसं दाखवायचं, हे लेखकाला ठाऊक नव्हतं, प्रकाशकाला नव्हतं आणि आम्हाला तर नव्हतंच.

चॅटची पहिली कादंबरी आणली देवसाहेबांनी. वीजखात्यातून निवृत्त झालेले, नवीन पनवेलला राहणारे, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. कादंबरीत बाप इथे आणि मुलगी अमेरिकेत. रंजना वाचत होती: "तिकडे थंडी आहे का, असे त्यांनी टाइप केले. हो, असे तिने टाइप केले. किती आहे, असे त्यांनी टाइप करून पाठवले." तीन पानं असं झाल्यावर रंजनाने पान संपायची वाट पाहिली आणि म्हणाली, "काका, यांची बोटं नाय का दुखत?"

देवसाहेबांना आम्ही सांगितलं, साहेब, ते 'टाइप केले' काढू या. ते म्हणाले, "मग कोण बोलतंय ते वाचकाला कळणार कसं?" प्रश्न बरोबर होता. आम्ही सगळं करून बघितलं. नाव आणि पुढे दोन टिंबं दिली, तर ते नाटक दिसायला लागलं. प्रत्येक निरोपाला चौकट केली, तर पान वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांसारखं दिसायला लागलं. मुलीचं बोलणं जाड टाइपात केलं, तर ती सारखी बापावर ओरडते आहे असं वाटायचं. एकाचं डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे केलं, तर पुस्तकाचं पान ते केवढं! जरा लांब वाक्य आलं की दोघं मधे येऊन एकमेकांवर आपटायची.

शेवटी बसलं ते असं. एकाचं बोलणं समासाला चिकटून, दुसऱ्याचं थोडं आत सरकवून. अवतरणचिन्हं नाहीत. नाव फक्त सुरुवातीला, आणि मधे खंड पडला तर पुन्हा एकदा. देवसाहेबांनी प्रत्येक निरोपापुढे घड्याळाची वेळ घातली होती, तीही सगळी काढली. वेळ ठेवायची ती फक्त जिथे कोणी कोणाला ताटकळत ठेवलंय तिथे.

पण हे जमलंय की नाही, याची परीक्षा कशी घ्यायची? हे डोकं यांचं. यांनी ठरवलं की चॅटची पानं एकाने वाचायची नाहीत, दोघांनी वाटून वाचायची. बाईचं रंजनाने वाचायचं, पुरुषाचं यांनी. चिन्हं मोठ्याने म्हणायची नाहीत, नुसतं माणसं बोलतात तसं बोलायचं. आणि तिसऱ्याने कागद न बघता ऐकायचं. ऐकणाऱ्याचा कुठे गोंधळ झाला, तर तिथे लेखकाची तरी चूक आहे किंवा आमची तरी. आता तिसरं, कागद न बघता ऐकणारं माणूस कोण? भिंतीकडे तोंड करून बसलेली मी.

मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

पहिले काही दिवस बाप आणि मुलगी होते, तोवर ठीक होतं. मग दुसऱ्या कादंबऱ्या आल्या. त्यांत बाप नव्हते.

एक प्राध्यापिका होत्या, त्यांना चॅटमध्ये हसरे चेहरे हवे होते. पुस्तक एकरंगी, तेव्हा पिवळा चेहरा छापायचा कसा? आम्ही लहान काळे गोल करून दिले. आता त्या वेळी आमची पानं पारदर्शक बटर पेपरवर निघायची आणि छापखान्यात त्यावरून प्लेट व्हायची. बटरवर कुठे शाईचा ठिपका पडला असला, तर तिथला माणूस ब्लेडने हलकेच खरवडून काढतो. त्याने हे काळे गोल बघितले, मनात म्हणाला, किती डाग पडलेत, आणि मन लावून एकूण एक हसरा चेहरा खरवडून टाकला. पुस्तक छापून आलं. त्यातली नायिका लाडात म्हणते, 'तू मूर्ख आहेस', पुढे हसरा चेहरा. तो गेला. उरलं, 'तू मूर्ख आहेस.' सबंध पुस्तकभर ती त्या बिचाऱ्याला घालूनपाडून बोलते आणि शेवटी त्याच्याशी लग्न करते. प्राध्यापिकाबाई रडवेल्या होऊन आल्या. हे म्हणाले, "लग्न झालं ना त्यांचं, मग काय हरकत आहे?" मला वाटतं, यांनी आयुष्यात केलेला तेवढाच विनोद. आणि रंजना त्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. मी काही हसले नाही.

सगळ्यात अवघड होतं ते गप्प बसणं. समोरासमोर माणसं गप्प बसली, तर लेखक लिहितो की ती खिडकीबाहेर बघत राहिली. चॅटमध्ये काय लिहिणार? खिडकी कोणाची, दिसतंय कोणाला? एकदा पान संपल्यावर रंजना सांगायला लागली. ती नवऱ्याशी बोलायला सायबर कॅफेत जायची.

"काका, समोरचा लिवतोय असं दिसतं. मंग थांबतं. मंग परत लिवतोय दिसतं. आमी बगत बसतो, काय येतंय, काय येतंय. आन् शेवटाला येतं काय? 'बरं'. मंग ते मदलं लिवलेलं कुटं गेलं?"

यांनी प्रूफ बाजूला ठेवलं. मग उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "असं कर. ओळ सोड आणि मधोमध तीन टिंबं टाक. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. ती कोणाचीच नाहीत."

तीन टिंबांची ही रीत पुढे आमच्याकडच्या सगळ्या पुस्तकांत आली, काही लेखकांनी खास सांगून करून घेतली. ती यांची म्हणायची की रंजनाची, ते मला ठरवता येत नाही. माझी नव्हे, एवढं नक्की. मी फक्त टाकायची. आणि ओळखायची. दोघं वाचत असायची, मधेच एकाचा आवाज थांबायचा, तेव्हा मी भिंतीकडे बघत विचारायचे, "इथे तीन टिंबं आहेत ना?" मागून हे म्हणायचे, "आहेत." माझं कधी चुकलं नाही. कान माझे तयार आहेत, कोणी कौतुक करो न करो.

पण खरं सांगते, त्या तयार कानांचाच मला जाच झाला. माझ्या मागे माझा नवरा एका परक्या बाईला म्हणायचा, "आज फार आठवण आली तुझी." यांच्या तोंडून! लग्नाला इतकी वर्षं झाली, मी माहेरी महिना महिना राहून आले, आल्यावर हे म्हणायचे, "किल्ली कुठे ठेवली होतीस?" आणि इथे आवाज असा मऊ, तव्यावरून काढल्या काढल्या पोळी असते तसा. दुसरी बाई असती तर तिने कानांत बोटं घातली असती. मला तीही सोय नाही, कारण नीट ऐकणं हेच माझं काम! वर आणि सांगायचं, "हो, कळतंय, बोलणारा तोच आहे, त्याचं तिच्यावर प्रेम आहे."

रंजनाचं काही चुकत होतं असं मी म्हणत नाही. ती आपली वाचायची आणि संध्याकाळी करंजाड्याची बस पकडायची. पण मला तिच्या बांगड्या खुपायच्या, तिचा खणखणीत घसा खुपायचा, ती 'काका' म्हणायची तेही खुपायचं आणि 'काका' म्हणायला विसरली तर ते जास्त खुपायचं. हे केस विंचरून दुकानात यायला लागले, असं मला वाटायला लागलं. आता आठवून बघते तर हे नेहमीच केस विंचरून यायचे.

मग पाटीलबाईंची कादंबरी आली. पाटीलबाई ओव्याच्या शाळेत शिकवायच्या. खारघरच्या टोलेजंग इमारती झाल्या तरी ओवे गाव आपल्या जागी होतं, आणि त्या गावातलीच ही गोष्ट होती. नवरा आखातात नोकरीला, बायको गावात. दोघांचं बोलणं सगळं फोनच्या स्क्रीनवर. प्रत्येक वेळी सुरुवात नवऱ्याच्या एकाच प्रश्नाने: जेवलीस का? कधी प्रेमाने, कधी सवयीने, कधी भांडण लपवायला. कादंबरी चांगली होती. मी टाइप करतानाच दोनदा थांबले होते.

आणि मग त्यातलं नवऱ्याचं बोलणं हे वाचायला लागले. "जेवलीस का?"

अहो, काय सांगू! दिवसातून शंभर वेळा. प्रत्येक वेळी निराळं. आणि समोरून रंजना, "जेवले. तुम्ही?" माझ्या अंगाची आग आग व्हायची. मी कीबोर्ड असा बडवायचे की हे म्हणायचे, "हळू, ऐकू येत नाही."

एकदा दुपारी पाटीलबाई स्वतः ऐकायला आल्या. दाराशी खुर्चीवर बसल्या, चहा झाला. ही दोघं वाचत होती आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पान निम्म्यावर असतानाच त्या रंजनाला म्हणाल्या, "काय सुंदर वाचतात हो तुमचे मिस्टर! अगदी माझ्या पुस्तकातले नवरा-बायकोच बोलतायत असं वाटतं."

मी भिंतीकडे बघत वाट पाहिली. आता हे बोलतील. हे म्हणाले, "पुढे." रंजनाने पुढचं वाचलं. पान संपलं. तरी हे गप्पच. शेवटी रंजनाच म्हणाली, "बाई, काकांच्या मिसेस त्या काय, भितीकडं."

"अय्या, हो का?" पाटीलबाई म्हणाल्या. "मला वाटलं, त्या टायपिंगला आहेत."

"मी टायपिंगलाच आहे," मी म्हणाले.

घरी गेल्यावर मी यांना धरलं. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"पान मधे होतं."

"आणि पान संपल्यावर?"

"रंजना बोलली ना."

"मी तिचं विचारत नाही, तुमचं विचारते आहे! तिला दिवसातून शंभरदा विचारता, जेवलीस का, जेवलीस का. मला विचारलंत कधी? उभ्या जन्मात एकदा तरी?"

यांनी खरोखर विचार केला. हे कोणत्याही प्रश्नावर विचार करतात, तेच तर वाईट आहे. मग म्हणाले, "आपण एकदमच जेवतो."

मी पानं घेतली, आम्ही जेवलो, एकदमच. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. तो आवाज यांच्याकडे आहे, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तो माझ्यासाठी नाहीच की मला कधी मिळाला नाही? आणि माझ्यासाठी नसेलच, तर तो माझ्या पाठीमागे रोज दुसरीला मिळतोय, हे मी काही सहन करणार नव्हते. रंजनाला निरोप द्यायचा, चॅटची पुस्तकं घ्यायची बंद करायची, पुन्हा लग्नपत्रिका जुळवायच्या. मी मनाशी ठरवून टाकलं. पण आधी एकदा तो आवाज मला मिळतो का, ते बघायचं होतं.

"उद्या शेवटचं प्रकरण मी वाचणार आहे," मी सांगितलं. "बाईचं. रंजना माझ्या जागेवर बसून ऐकेल."

"घसा?"

"घसा माझा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजनाला मी भिंतीकडे बसवलं. ती गोंधळली. "काकी, हितनं काय दिसत नाय. निसती भितच हाय."

"तेच काम आहे," मी म्हटलं. "ऐक आणि काय कळतं ते सांग."

मी वाचायच्या टेबलाशी बसले. कितीतरी वर्षांनी यांच्या समोर बसले होते. यांनी प्रुफाची एक प्रत मला दिली, आपली सरळ केली, लाल पेनाचं टोपण काढलं आणि ज्येष्ठमधाची डबी न बोलता माझ्याकडे सरकवली. मी कांडी घेतली नाही. मी भांडायला बसले होते, चघळायला नव्हे.

प्रकरणाच्या सुरुवातीला बायकोचंच बोलणं होतं. तिने नवऱ्याला दिवसभराचं सांगितलंय. विहिरीवरची मोटर बिघडली, मुलाला ताप आला, उतरला. मी वाचायला लागले. आवाज माझा मलाच ओळखू येईना, पत्र्यावर खडे ओतावेत तसा. वाटलं, कुठे रंजनाचा आवाज आणि कुठे हा. पण मी वाचत गेले. बायको लिहिते, आज तुमचा फोन आला नाही. बायको लिहिते, उशीर झाला असेल म्हणून वाट पाहिली. एवढं वाचून मी थांबले, कारण पुढची ओळ आत सरकवलेली होती. यांची होती.

ओळ तीच होती. रंजनासमोर यांनी ती आख्ख्या पुस्तकभर म्हटली होती, एकदाही न अडखळता. प्रेमाने, सवयीने, पाहिजे तशी.

यांनी तोंड उघडलं. "जेवलीस," म्हणाले, आणि राहिले.

मला वाटलं, ओळ हुकली. मी पाहिलं तर बोट ओळीवरच होतं. हे कागदाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. घसा माझा बसलेला, पण खाकरत हे होते. पुन्हा म्हणाले, "जेवलीस," आणि पुन्हा तिथेच अडले. बाहेर स्टँडवर गाडी लागल्याचं ओरडत होते, दारात एक माणूस लग्नपत्रिका घेऊन उभा होता. पान निम्म्यावर होतं. रिक्षा पायरीवर चढली तेव्हा जो माणूस थांबला नाही, तो एका साध्या प्रश्नाला थांबला होता.

भिंतीकडून रंजना म्हणाली, "काकी, काका थांबले. हितं तीन टिंबं हायेत ना?"

मी माझ्या हातातल्या प्रुफात पाहिलं. तिथे काही नव्हतं. प्रश्नाखाली लगेच बायकोचं उत्तर होतं.

"हो," मी म्हणाले. "आहेत."